खोटे न बोलता पसरलेले खोटे

अफवा म्हटली की दुष्ट हेतूने कंड्या पिकवणारा कुणीतरी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याला दोष दिला की आपण मोकळे! पण जिथे खोटे बोलणारा कुणीच नसतो, तिथे अपराध कुणाच्या माथी मारायचा?

३ डिसेंबर १९७९. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात ‘द हू’ या इंग्रज वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. बहुतेक तिकिटांवर आसनक्रमांक नव्हते. जो आधी शिरेल त्याला पुढची जागा, असा मामला. त्यामुळे हजारो तरुण-तरुणी रिव्हरफ्रंट कोलिझियमच्या बंद दारांबाहेर थंडीत दाटीवाटीने उभे होते. एवढ्यात आतून संगीताचा आवाज आला. कार्यक्रम सुरू झाला, असा समज बघता बघता पसरला. वास्तविक त्याला अजून अवकाश होता. मागचे पुढच्यांना रेटू लागले आणि दारे तर मोजकीच उघडलेली. त्या रेट्यात श्वास कोंडून ११ जण दगावले. त्यांची वये १५ ते २७. आत कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला. बाहेर काय घडले ते कलावंतांना नंतर कळले.

व्यवस्थेचा दोष उघड होता. त्याच महिन्यात शहराने अशा बिनक्रमांकी प्रवेशावर बंदी घातली. ती २००४ पर्यंत टिकली. पण गर्दीत मागे उभ्या असलेल्या तरुणाचे काय? तो खोटे बोलला नव्हता. आवाज त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. पुढे कुणी गुदमरते आहे, हे त्याला दिसत नव्हते. त्याने दिला तो एक लहानसा धक्का. असे हजार लहान धक्के एकत्र आले आणि मृत्यू झाला. तरीही तो धक्का कुणाचाच नव्हता.

मी त्याला दोष द्यायला कचरतो, कारण मीही धावलो आहे. एका संध्याकाळी आमच्या स्थानकात कुणीतरी म्हणाले, गाडी पलीकडच्या फलाटावर येते आहे. मी शेजाऱ्याला तेच सांगितले, तेही स्वतः घोषणा ऐकल्याच्या थाटात, आणि जिना गाठला. गाडी नेहमीच्याच फलाटावर आली. परतताना एक वृद्धा पायरीवर गुडघा धरून बसलेली दिसली. मी थांबलो नाही. माझी गाडी चुकली असती.

आठव्या आज्ञेत खोट्या साक्षीला मनाई आहे. मी तेव्हा खोटे बोललो नव्हतो, अशी मनाची समजूत मी बराच काळ घालत आलो. पण जे केवळ ऐकले ते पाहिल्यासारखे सांगणे, हीसुद्धा साक्षच नव्हे काय? ‘असे म्हणतात’ आणि ‘असे आहे’ यांत शब्दाचेच अंतर. ते अंतर मी घाईत पुसून टाकले होते.

कुणी म्हणेल, गर्दीत शहानिशा करायला सवड कुठली? आक्षेप रास्त आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्या अरुंद जिन्यावर कोण काय पडताळणार होता? तिथे जबाबदारी पूल रुंद करणाऱ्यांची, दारे वेळेवर उघडणाऱ्यांचीच. पण आपली परीक्षा बहुधा त्याआधीच होते, जेव्हा गर्दी अजून विरळ असते आणि बातमी नुकतीच कानावर आलेली असते. मागे पडण्याची भीती ऐकीव गोष्टीला खात्रीचे रूप देते. त्या क्षणी एक पाऊल रोखून धरणे बहुतेकदा आपल्या हाती असते.

त्या वृद्धेचा चेहरा मला आठवत नाही. मी तिच्याकडे नीट पाहिलेच नव्हते.