गंधावरून कारणाकडे

मोटारीत पेट्रोलचा वास आला की दोन प्रश्न एकदम उभे राहतात. वास कशामुळे येतो? आणि ते कळेपर्यंत काय करावे? पहिला प्रश्न ज्ञानाचा आहे, दुसरा कृतीचा. भारतीय दर्शनांपैकी न्यायदर्शन पहिल्याला उपयोगी पडते, मीमांसा दुसऱ्याला. सातारा जिल्ह्यातील वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या परंपरेत ही दोन्ही शास्त्रे शेजारी नांदली. केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोश सिद्ध केला. त्यांचे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी १९२३ साली कलकत्त्याची ‘तर्कतीर्थ’ ही न्यायशास्त्राची पदवी मिळवली.

वासाने नेमके काय सिद्ध होते, हे आधी पाहिले पाहिजे. न्याय-वैशेषिक मतानुसार गंध हा पृथ्वीचा गुण आहे आणि गुण द्रव्य सोडून राहत नाही. वाऱ्याला वास येतो तेव्हा त्याच्याबरोबर गंधयुक्त द्रव्याचे सूक्ष्म कण आलेले असतात. आजचे रसायनशास्त्र पेट्रोलची गणना पृथ्वीत करत नाही, पण निष्कर्ष तोच देते: वास आला म्हणजे पेट्रोलची वाफ नाकापर्यंत पोचली. एवढा भाग प्रत्यक्षाचा. ती वाफ कुठून सुटली, हा भाग अनुमानाचा.

कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला न्यायशास्त्रात ‘शेषवत्’ म्हणतात. त्याचे जुने उदाहरण नदीचे आहे: नदी फुगली, म्हणजे वर पाऊस झाला. गौतमाच्या न्यायसूत्रांत यावर आक्षेप नोंदला आहे. पात्रात अडथळा आल्यानेही पाणी चढते, मग अनुमानावर भरवसा का ठेवावा? सांगलीकरांना हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही. शहरात उघडीप असतानाही कोयना धरणाच्या विसर्गाने आयर्विन पुलाखालचे पाणी वाढू शकते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर तर पावसाइतकेच लक्ष विसर्गाच्या आकड्यांकडे असते. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यातील उत्तर असे की, नुसते वाढलेले पाणी हा हेतूच, म्हणजे अनुमानाचा आधारच, नव्हे. प्रवाहाचा वेग, फेस, वाहून आलेली पाने, फळे, लाकडे या खुणांसह दिसणारा पूर हा खरा हेतू. चूक अनुमानाची नसते, अपुऱ्या निरीक्षणाची असते.

मोटारीतही ‘वास येतो’ हा अपुरा हेतू आहे. तो केव्हा, कुठे आणि कशानंतर येतो, हे जोडल्यावर त्यात बळ येते. टाकी फुल्ल केल्यावर मागच्या बाजूला वास आला, तर टाकीचे झाकण, त्याचे रबर, पेट्रोल भरण्याची नळी किंवा वाफ शोषणारा कोळशाचा डबा तपासावा लागतो. गरम इंजिन बंद केल्यावर बॉनेटकडून आला, तर पाइपचे जोड आणि इंजेक्टरची रबरी कडी. थंड गाडी सुरू करताना सायलेन्सरमागे आला आणि थोड्या वेळात गेला, तर ते न जळलेले पेट्रोल असण्याचा संभव अधिक. गाडीखाली ओला डाग दिसला, तर गळती जवळजवळ उघडच होते.

उरलेल्या संशयितांत निवड करण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक ही जोडी आहे. कारण असताना कार्य असते, हा अन्वय. कारण नसताना कार्य नसते, हा व्यतिरेक. म्हणून एका वेळी एकच बदल करावा. झाकण, पाइप आणि कडी एकदम बदलली तर वास जाईल, पण कारण कळणार नाही.

यात दोन सापळे आहेत. पहिला उपाधीचा, म्हणजे नजरेतून सुटलेल्या अटीचा. अग्नी आहे तिथे धूर असतोच असे नाही. धुरासाठी ओले सरपण लागते, आणि ते ओलेपण ही उपाधी. तसेच, ‘खंबाटकी घाट चढला की वास येतो’ असे वाटत असेल, पण दर वेळी टाकी काठोकाठ भरलेली असेल, तर एकट्या घाटाला दोष देता येत नाही. अर्ध्या टाकीने तोच घाट चढून पाहिल्यावर निकाल लागतो. दुसरा सापळा अन्यथासिद्धाचा, म्हणजे कार्याच्या आधी असलेल्या पण त्याला आवश्यक नसलेल्या गोष्टीचा. कुंभाराच्या गाढवाने माती आणली, तरी नैयायिक त्याला घटाचे कारण मानत नाहीत. आदल्या दिवशी सीटकव्हर बदलले, एवढ्यावरून ते वासाचे कारण ठरत नाही.

वास थांबला म्हणजे गळती थांबली, हे अनुमानही कच्चे आहे. न दिसण्यावरून अभाव सिद्ध होतो, पण ती वस्तू असती तर नक्की जाणवली असती अशी स्थिती हवी. हीच योग्यानुपलब्धी. नाक थोड्या वेळात वासाला सरावते, मग साताऱ्याहून गाडी हाकणाऱ्याला पेठ नाक्यापर्यंत काहीच जाणवत नाही. तिथे नव्याने बसणाऱ्याला मात्र पहिल्या श्वासात वास कळतो. अशा वेळी त्याची साक्ष अधिक ग्राह्य.

आता कृतीचा प्रश्न. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक ज्ञान येईपर्यंत ते खरे मानायचे. नैयायिकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, विशेषतः त्यावर आधारलेल्या कृतीच्या यशातून ठरते. मोटारीच्या बाबतीत दोन्ही मतांना आपापली जागा आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, खाली साचते आणि शून्याखालच्या तापमानातही ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून धोक्याच्या ज्ञानाला मीमांसेचा नियम लावावा: वास आला की तो खरा मानून गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे, सर्वांनी उतरून दूर उभे राहावे आणि काडी पेटवू नये. पुराव्याची वाट पाहू नये. दुरुस्तीच्या ज्ञानाला मात्र न्यायदर्शनाची कसोटी लावावी: ‘झाले’ या शब्दावर न थांबता, ज्या स्थितीत वास येत होता ती स्थिती उघड्या जागी, काळजीपूर्वक पुन्हा आणून पाहावी. धोका मानायला एक श्वास पुरेसा आहे, धोका टळला हे मानायला परीक्षा लागते.