भिंत पाडण्यापूर्वी

"भाई, ही मधली भिंत पाडू या की."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचे दोन गाळे एकमेकांना लागून आहेत. माझ्याकडे तीन लेथ, एक रेडियल ड्रिल आणि अब्बांच्या वेळचा शेपर. त्याच्याकडे मिलिंग आणि पाच वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेलं व्हीएमसी. आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो. कास्टिंग आधी माझ्याकडे येतं, मी त्याचा बोअर करतो. मग ते त्याच्याकडे जातं, तो फेसिंग करतो, भोकं पाडतो. चलनं वेगळी, बिलं वेगळी. आता शिरोलीच्या एका फाउंड्रीने कळवलं, की आम्हांला पूर्ण तयार माल एकाच नावाने पाहिजे. माल परत आला तर फोन कुणाला करायचा हे माहीत असलं पाहिजे. त्यासाठी आणखी एक मशीन लागणार. त्यातून त्याने भागीदारीचा विषय काढला.

मी "सांगतो" म्हणालो आणि तीन आठवडे काहीच सांगितलं नाही.

नात्यातल्या दोघातिघांना माझ्या गप्प बसण्याचं कारण लगेच कळल्यासारखं वाटलं. "करायचीच असेल तर आपल्या माणसाशी कर," म्हणाले. हे बोलणं मला आवडलं नाही. अब्बांनी १९७९ साली भागीदारी केली ती आपल्याच माणसाशी, एकाच मशिदीत एकाच सफमध्ये उभ्या राहणाऱ्याशी. कागद केला नाही, कारण कागद मागणं म्हणजे संशय घेणं, असं दोघांनाही वाटलं. भागीदाराने दुकानाच्या नावावर उधारीने लोखंड उचललं. मग माल अडकला, पैसे अडकले, आणि एके दिवशी तो माणूस हृदयविकाराने गेला. चाळिसाव्याच्या आधीच व्यापारी दारात आले. अब्बांनी सहा वर्षं ते देणं फेडलं. अम्मीच्या बांगड्या त्यातच गेल्या. पण अब्बांनी त्याला कधी बेईमान म्हटलं नाही. "उसने धोका नहीं दिया," ते म्हणायचे, "बोलायला लाजला, एवढंच."

लहानपणी हे वाक्य मला अब्बांच्या मनाचा मोठेपणा वाटायचं. आता मला त्यात भागीदारीचं सगळं दुखणं दिसतं. चोर सहसा आधी ओळखू येतो. लाजणारा ओळखू येत नाही, कारण तो भला माणूस असतो.

मी जुने ग्रंथ चाळले. विद्वान म्हणून नव्हे, गिऱ्हाईक दुकानात शिरतो तसा. हनफी फिकहच्या 'हिदाया'सारख्या ग्रंथांत भागीदारीचे प्रकार फार बारकाईने वेगळे केले आहेत. एक मुफावदा. त्यात दोघे सर्व बाबतींत समान, आणि एक दुसऱ्याचा वकीलही असतो व जामीनही. दुसरी इनान. तिच्यात भागीदार एकमेकांचे वकील असतात, पण जामीन नसतात. कोकणातले आपले बांधव ज्यांची वाट धरतात त्या इमाम शाफईंनी मुफावदा साफ नाकारली. इतकी अनिश्चितता माणसाने अंगावर घेऊ नये, हा त्यांचा रोख. नुसत्या हातच्या कारागिरीवर, भांडवलाशिवाय, दोन कारागिरांनी केलेली भागीदारी हनफींना चालते, शाफईंना चालत नाही. शिंप्यांची नि रंगाऱ्यांची उदाहरणं देऊन हे वाद झालेले आहेत. टर्नर-फिटरांची चर्चा शेकडो वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे असं वाटून मला बरं वाटलं.

आणि आपला १९३२ चा भागीदारी कायदा? त्यात फर्मच्या कामापुरता प्रत्येक भागीदार फर्मचा प्रतिनिधी आहे, आणि फर्मच्या देण्याला सर्वांबरोबर आणि एकटाही जबाबदार आहे. म्हणजे आपण सहज 'पार्टनरशिप' म्हणतो तेव्हा जबाबदारीच्या बाबतीत मुफावदाच्याच जवळ जाऊन उभे राहतो. त्याने सही केली की माझं घर त्यात आलं. २००८ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची भागीदारी आणली हे खरं, पण आमच्यासारख्या लहानांना बँक कर्ज देते ती वैयक्तिक हमी घेऊनच. कायद्याने बंद केलेलं दार बँकेत पुन्हा उघडतं. (कर्ज म्हटलं की व्याजाचा प्रश्न आलाच. त्यावरची माझी अडचण जुनी आहे. पण तिला पुढे करून या प्रश्नातून सुटका करून घेणं मला बरं दिसत नाही.)

माझी टाळाटाळ पाहून त्याने दुसरा प्रस्ताव दिला. "तुझे लेथ, तुझी माणसं. दर महिन्याला तुला चाळीस हजार ठरलेले. नफा-तोटा माझ्याकडे." मला मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण फुकहांनी नेमकी हीच गोष्ट भागीदारीत बसू दिलेली नाही. नफ्याची वाटणी ठरवावी, पण एकाला ठरावीक रक्कम बांधून देऊ नये, आणि तोटा ज्याच्या-त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात सोसावा. हे का, ते मला वर्कशॉपात कळतं. ज्याला तोटा लागणार नाही, तो संध्याकाळी शेवटचा जॉब मापताना डोळे ताणत नाही. लेथ भाड्याने द्यायचे असतील तर त्याला भाडं म्हणावं. नाव बदललं की माणूसही बदलतो.

माझ्याकडे बावीस वर्षं असलेल्या टर्नरच्या कानावर हे गेलं होतं. चहा पिता पिता त्याने एवढंच विचारलं, "मालक, मग आमचा पगार मागायचा कुणाकडं?" आम्ही दोघांनी पायलीभर चर्चा केली होती, पण हा प्रश्न एकालाही सुचला नव्हता.

इथवर मी सगळं त्याच्याविषयी आणि कायद्याविषयी लिहिलं. खरी गोष्ट वेगळी आहे.

गेल्या वर्षी दोनशे चाळीस हाउसिंग परत आली. बोअर मोठा भरला, मर्यादेपेक्षा तीन शतांश मिलिमीटर. गिऱ्हाइकाने अडतीस हजार चारशे रुपये कापून घेतले. चूक कुणाची? तो म्हणाला, कास्टिंगची भिंत पातळ आहे, माझ्या व्हाइसमध्ये जास्त आवळलं गेलं असेल, बोअर लंबगोल झाला असेल. निम्मे मी देतो. आणि एकोणीस हजार दोनशे रुपये त्याने त्याच दिवशी दिले. रात्री शटर ओढून मी चार नग मापले. लंबगोल नव्हते. चारी बाजूंनी सारखेच मोठे होते. आवळण्याने असं होत नाही. आदल्या आठवड्यात बोअर गेज माझ्या हातून फरशीवर पडला होता आणि घाईत मी तो मास्टर रिंगवर तपासलाच नव्हता. चूक पूर्ण माझी होती.

मी गप्प बसलो. उद्या सांगू म्हटलं. मग ईद आली, मग त्याच्या मुलीचं लग्न आलं, मग ते सांगायचंच राहून गेलं असं मी स्वतःला सांगू लागलो.

तीन आठवडे मी त्याला तपासत होतो. कर्ज किती, पोरगा पुढे धंदा सांभाळेल का, दारू घेतो का. सूरह साद मध्ये भागीदार एकमेकांवर अन्याय करतात असं म्हटलं आहे आणि त्यातून वगळलेले लोक थोडेच, असंही. ती आयत मी त्याच्याकडे बोट करून वाचत होतो. भिंत पाडायला मी कचरत होतो, कारण एका वहीत दोघांचा हिशेब आला की माझी वही उघडावी लागणार होती. अब्बांच्या भागीदाराला मी मनातल्या मनात किती बोललो असेन! त्याची आणि माझी लाज एकाच जातीची निघाली.

शुक्रवारी नमाजानंतर मी एकोणीस हजार दोनशे रुपये घेऊन त्याच्या गाळ्यात गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने मशीन बंद केलं नाही. चालू जॉब संपेपर्यंत मी उभा होतो. मग नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या. माफ केलं म्हणाला नाही, हसलाही नाही. चार दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. हे व्याज मला द्यावंच लागणार होतं.

पाचव्या दिवशी तो स्वतः आला. "कागद कर," म्हणाला. अब्बांच्या काळी ज्याची शरम वाटायची, ते त्याच्या तोंडून ऐकून मला हलकं वाटलं. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत, कुरआनातल्या सर्वांत लांब आयतीत, मुदतीचं देणं लहान असो की मोठं, लिहून ठेवायला कंटाळू नका असा हुकूम आहे. आपण नमाज-रोज्याचे हुकूम जेवढे सांगतो, तेवढा हा सांगत नाही.

भिंत पाडायची नाही असं ठरलं. १९३२ च्याच कायद्यात एखाद्या विशिष्ट कामापुरती भागीदारी करता येते. आम्ही ती या एका ऑर्डरपुरती, सहा महिन्यांसाठी केली. नवं मशीन तूर्त नाही. त्याचं व्हीएमसी रात्रीच्या पाळीतही चालेल. भिंतीत ट्रॉली जाईल एवढा दरवाजा काढला. ज्याच्या मशीनवर चूक, तोटा त्याचा. चूक ठरवता आली नाही तर निम्मा-निम्मा. फाउंड्रीपुढे मात्र दोघेही पूर्ण जबाबदार, हे समजून-उमजून सह्या केल्या. माझ्या माणसांचा पगार मीच देणार, हे टर्नरला वाचून दाखवलं. उधारीवर माल घ्यायचा तर दोघांची सही.

मसुदा टाइप होऊन आला तेव्हा त्याने पेन मागितलं आणि शेवटी स्वतःच्या अक्षरात एक कलम घातलं: दर शनिवारी सर्व गेज मास्टर रिंगवर दोघांच्या समोर तपासायचे.