लाइट आल्यावर उठेल का?

छोटा सर्व्हर घ्यायचा म्हटलं की लोक आधी प्रोसेसर कोणता ते विचारतात. मी विचारतो, लाइट जाऊन आल्यावर तो आपणहून सुरू होतो का? आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची ज्या मिनी पीसीवर आहे, त्याच्या बायॉसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं, याची एक सेटिंग आहे. अशा यंत्रांत ती बहुधा ‘बंदच राहा’ अशी येते. बदलली नाही, तर रात्री लाइट जाऊन आली तरी ग्रंथपालबाई येऊन बटण दाबेपर्यंत सर्व्हर झोपलेलाच. जुन्या लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते म्हणून मोह होतो. पण सतत चार्जिंगला राहून ती फुगू शकते, आणि पुष्कळ लॅपटॉपांत ही सेटिंगच नसते.

जुना डेस्कटॉप कुणीतरी फुकट देऊ करतंच. पण 60 वॅट खाणारं यंत्र चोवीस तास चाललं की वर्षाला 526 युनिट होतात. 10 वॅटवाल्याचं 88 युनिटांत भागतं. रास्पबेरी पाय आणखी कमी खातो, मात्र सगळी सिस्टिम मेमरी कार्डावर ठेवू नये. लॉग सतत लिहिले जातात, कार्ड झिजतं आणि बऱ्याचदा काही न सांगता दगा देतं.

सॉफ्टवेअर निवडताना मी त्यामागे कोण उभं आहे ते पाहतो. सेंटओएस 8 या लिनक्सला 2029 पर्यंत अपडेट मिळतील असं ठरलेलं होतं. डिसेंबर 2020 मध्ये त्यामागच्या रेड हॅट कंपनीने जाहीर केलं की ते 2021 अखेरच थांबतील. डेबियन हे लिनक्स मात्र 1993 पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालू आहे. त्याची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, आणि ती जुन्या वळणाची असते हाच मला तिचा गुण वाटतो. नोंदी लिहिणारी बाई एकच, त्यामुळे डेटाबेसला एसक्यूएलाइट पुरतं. सगळा डेटाबेस एका फाइलीत! फक्त बॅकअप त्याच्याच बॅकअप कमांडने घ्यावा. लिहिणं चालू असताना नुसती फाइल कॉपी केली तर अर्धवट प्रत हाती येऊ शकते.

सूची बाहेरूनही पाहता यावी, तर एक अडचण असते. घरगुती ब्रॉडबँडवर बऱ्याचदा अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटलेला असतो, म्हणून बाहेरून थेट आत येता येत नाही. मग सगळंच भाड्याच्या सर्व्हरवर का नको? खर्च परवडतो, देखभालही कमी. पण भाडं बहुधा कुठल्या तरी उत्साही सदस्याच्या कार्डावरून जातं. समिती बदलते, कार्डाची मुदत संपते, आणि स्मरणपत्रं ज्या ईमेलवर येतात ती कुणीच उघडत नाही. म्हणून मूळ नोंदी वाचनालयातच ठेवल्या. बाहेरचं भाड्याचं छोटं यंत्र नुसतं दारवान. आतून त्याच्यापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनची जोडणी केली आहे. दारवान गेला तर दुसरा कसा उभा करायचा, ते पासवर्ड वगळून एका कागदावर लिहिलंय आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.