शिकून पुढे काय?

बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या छावण्यांत आज दहा लाखांच्या वर रोहिंग्या राहतात. त्यातले सात लाखांहून अधिक ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारच्या लष्करी कारवाईतून जीव वाचवून आले. यातली निम्मी माणसे अठरा वर्षांच्या आतली आहेत. पण हे लोक आज ना उद्या परत जाणार, तेव्हा त्यांना बांगला अभ्यासक्रम शिकवायचा नाही, ही सरकारची भूमिका पहिल्यापासून ठाम आहे. काही वर्षे बांबूच्या वर्गांत मुळाक्षरे आणि आकडेमोड चालली. 2021 च्या अखेरीस म्यानमारचा अभ्यासक्रम प्रायोगिक रीतीने सुरू झाला. ज्या देशाने 1982 च्या कायद्याने यांचे नागरिकत्व नाकारले, त्याच देशाची ही पुस्तके. ती शिकूनही मुलांच्या हाती दोन्ही देशांत चालेल असे प्रमाणपत्र पडत नाही. त्याच सुमारास शिकलेल्या रोहिंग्यांनी स्वतः चालवलेल्या शाळांना प्रशासनाने टाळे लावले.

केनियातील ददाब आणि काकुमा या छावण्या 1991-92 पासूनच्या. तिथली मुले केनियाचाच अभ्यासक्रम शिकतात, केनियाचीच परीक्षा देतात. ददाबमध्ये तर केनियन आणि कॅनेडियन विद्यापीठांनी मिळून पदवीपर्यंतची सोय केली. एवढे असूनही छावणीबाहेर जायला परवानगी लागते आणि कामाचा परवाना सहसा मिळत नाही. त्यामुळे शिकलेला तरुण छावणीतच मास्तर होतो आणि तेच काम करणाऱ्या केनियन शिक्षकाच्या मानाने तुटपुंज्या मानधनावर राबतो. प्रमाणपत्र आहे, पण ते वापरायची मुभा नाही.

स्थानिक शिक्षण दिले की निर्वासित कायमचे मुक्काम ठोकतील, ही भीती बांगलादेशाच्या नकारामागे आहे. भारताकडे तिला उत्तर आहे. 1960 मध्ये मसुरीत तिबेटी मुलांची पहिली शाळा निघाली. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने अशा शाळांसाठी स्वतंत्र संस्था उभारली. तिथली मुले तिबेटी भाषाही शिकली आणि भारतीय बोर्डाच्या परीक्षाही देत राहिली. त्यामुळे त्यांची तिबेटची ओढ आटली, असे कुणी म्हणणार नाही. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नसतानाही हे घडले.

बांगलादेशाला एकट्याला दोष देणेही बरे नव्हे. स्वतः दाटीवाटीने जगणाऱ्या त्या देशाने जागा तरी दिली. 2025 मध्ये परदेशी मदत आटली आणि छावण्यांतले लहान मुलांचे वर्ग बंद पडले, तो हिशेब श्रीमंत देशांनी द्यायचा आहे.

परतीचा दिवस कुणालाच ठाऊक नसतो. मुलांचे वय मात्र दरवर्षी वाढते. 2017 मध्ये पहिलीत बसायला हवे होते ते मूल आज शाळेचे वय ओलांडू लागले आहे. म्हणून वर्गासोबत मान्यताप्राप्त परीक्षा हवी आणि परीक्षेनंतर काम करण्याचा हक्क हवा. यातले एकही वगळले, तर शाळेवरचा पैसा मुलांना गुंतवून ठेवण्यापलीकडे फारसे काही साधत नाही.