उसनी शांतता

शहरातील मनुष्यास चार दिवस विसावा हवासा झाला म्हणजे तो एखादे लहानसे, निवांत गाव शोधू लागतो. गेल्या सुटीत आम्हीही तेच केले. वाईजवळ कृष्णाकाठी मेणवली आहे. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागील दगडी घाट, मेणेश्वराचे देऊळ आणि 1739 च्या वसईच्या विजयानंतर आलेली पोर्तुगीज घंटा, हे तेथील वैभव. सायंकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसलो असता, ‘काय ही शांतता!’ असा उद्गार आमच्या तोंडून निघाला. शेजारी बसलेले एक वृद्ध शेतकरी म्हणाले, “शांत तर हायच की, साहेब. तिन्ही पोरं मुंबईला; घरात बोलायला हाय कोण?” आम्हांस उत्तर सुचेना. आम्ही उठून आलो.

रात्री तो प्रश्न आमची पाठ सोडीना. जो लाभ म्हणून आम्ही पदरी बांधीत होतो, तीच त्या वृद्धाची हानी होती. सातारा जिल्ह्यातील कितीएक गावांची तरुण मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत राबली, बाजारांत माथाडी म्हणून ओझी वाहू लागली. ज्या गोंगाटास विटून आम्ही पळालो, तो त्यांच्याच श्रमाचा गोंगाट. आणि ज्या शांततेत आम्ही सुखावलो, ती त्यांच्या मागे उरलेली पोकळी!

मग विश्रांतीसाठी खेड्यात जाणे हा अपराध की काय? तसे आम्ही म्हणत नाही. पाहुण्याच्या चार पैशांनी कोणाची चूल पेटत असेल, तर ते चांगलेच. परंतु ‘हे गाव असेच राहो’ ही पाहुण्याची इच्छा मात्र निर्दोष नव्हे. आपल्या चार दिवसांच्या सुखासाठी दुसऱ्याने बारा महिने एकाकी राहावे, असा तिचा अर्थ होतो.

याहून निराळी शांतता सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने दाखविली. ऑगस्ट 2022 मध्ये तेथील ग्रामस्थांनी ठरविले की, सायंकाळी सातला भोंगा वाजताच दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवावयाचे; मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी परस्परांशी बोलावे. आरंभी काहींनी ही कल्पना हसण्यावारी नेली. तरी घरोघर जाऊन समजूत घालण्यात आली आणि ती रूढ झाली. ही शांतता माणसे निघून गेल्यामुळे आलेली नव्हे, माणसांनी एकत्र बसून निर्माण केलेली आहे. तीत बोलणे आहे; म्हणूनच ती कोणाच्या वाट्यातून काढून घ्यावी लागत नाही.

आम्हांस वाटते, विसाव्याचा खरा प्रश्न स्थळाचा नसून संयमाचा आहे. तो संयम घरी साधत नसेल, तर घाटावर बसूनही आपण दुसऱ्याचीच शांतता उसनी घेणार. मेणवलीस आम्ही पुन्हा जाणार आहोत. मात्र या खेपेस त्या वृद्धाच्या ओसरीवर बसून, त्याच्या मुलांची विचारपूस करावयास.