शेजारच्या टेबलावरचा प्रतिस्पर्धी

1960 साल संपत आले होते. अमेरिकेच्या मर्क्युरी प्रकल्पाचे प्रमुख रॉबर्ट गिलरुथ यांनी आपल्या सात अंतराळवीरांकडून एका प्रश्नाचे उत्तर मागितले : तुम्ही स्वतः जाणार नसाल, तर पहिल्या उड्डाणावर कोणाला पाठवावे? सैन्यदलांतल्या 508 वैमानिकांच्या नोंदी चाळून आधी 110 नावे काढली होती. त्यांतून गाळत गाळत हे सात जण उरले होते. 1959 च्या एप्रिलपासून ते एकत्र शिकत होते, एकत्र गरगर फिरवून घेत होते, वर्तमानपत्रांत एकत्र झळकत होते. आता एकमेकांवर शेरा मारायची पाळी आली होती.

19 जानेवारी 1961 रोजी गिलरुथ यांनी निर्णय सांगितला. पहिला ॲलन शेपर्ड, दुसरा गस ग्रिसम आणि जॉन ग्लेन दोघांसाठीही राखीव. ग्लेन सातांत वयाने सर्वांत मोठे, शिस्तीचे, वार्ताहरांचे लाडके. त्यांना हे लागले. त्यांनी गिलरुथ यांना पत्र लिहून नाराजीही कळवली. काही उपयोग झाला नाही.

सहकाऱ्यांच्या या मताच्या आधी एक प्रकार घडला होता. ग्लेन यांनी पुढे आत्मचरित्रात तो सांगितला, सहकाऱ्याचे नाव मात्र घेतले नाही. कॅलिफोर्नियात असताना सातांपैकी एकाचे बाहेरख्यालीपणाचे फोटो एका वर्तमानपत्राच्या हाती लागले होते. मध्यरात्रीनंतर ग्लेन यांना फोन आला. ते ऐकून झोपी गेले असते, तरी त्यांना कोणी बोल लावला नसता, आणि सकाळी एक प्रतिस्पर्धी कमी झाला असता. त्यांनी उलट त्या वर्तमानपत्राला फोन लावला, संपादकाला गळ घातली आणि बातमी थांबवली. दुसऱ्या दिवशी मात्र सहकाऱ्यांना एकत्र बसवून खरपूस झापले. आपल्या वागण्यापायी सगळा प्रकल्प गोत्यात येईल, असा त्यांचा सूर होता. त्या झापण्यामुळेच त्यांची मते गेली असावीत, असे पुष्कळांचे मत आहे.

प्रकल्पाची अब्रू वाचवण्यासाठी एका बातमीचा गळा दाबणे कितपत बरोबर, हा वेगळा वाद आहे, आणि पत्रकारांनी तो घालावाही. इथे मुद्दा दुसराच आहे. सहकाऱ्याबद्दल हाती आलेली माहिती ग्लेन यांनी स्पर्धेत वापरली नाही. जे बोलायचे ते सर्वांच्या तोंडावर बोलले आणि त्याची किंमतही बहुधा मोजली.

एका जागेसाठी दोन सहकारी उभे राहतात, तेव्हा अवघड प्रश्न महत्त्वाकांक्षेचा नसतो. जागा हवीशी वाटण्यात काही वावगे नाही. रेल्वेत ‘क’ गटातून ‘ब’ गटातला अधिकारी होण्यासाठी तीस टक्के जागा मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेतून भरल्या जातात. त्या परीक्षेला बसणारे बरेचदा एकाच कार्यालयात वर्षानुवर्षे समोरासमोर बसलेले असतात. सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकांना पुढच्या शिक्षणासाठी पाठवायचे, तर वॉर्ड रिकामा पडू नये म्हणून एका वेळी मोजक्याच जणींना सोडतात. अर्ज करणाऱ्या दोघींनी एकमेकींच्या रात्रपाळ्या कितीदा तरी बदलून दिलेल्या असतात. अनोळखी उमेदवाराबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नसते. शेजारच्या टेबलावरच्या माणसाबद्दल मात्र सगळे ठाऊक असते : घरी सासऱ्यांचे डायलिसिस चालू आहे, मधे कर्ज थकले होते, गेल्या वर्षी साहेबांबद्दल तो काय बोलला होता.

ही माहिती डब्यातली भाजी वाटून खाताना मिळालेली असते. ती निवड समितीच्या कानावर घालायला फार काही करावेही लागत नाही. ‘बिचारीला घरून सुटता येईल का, कोण जाणे,’ एवढे सहानुभूतीच्या सुरात म्हटले की पत्ता कट. बोलणाऱ्याकडे खोटेपणाही येत नाही, कारण वाक्य खरे असते. या स्तंभाच्या मते, उघड खोट्या तक्रारीपेक्षाही हे वाईट, कारण खोट्या तक्रारीची निदान चौकशी तरी होते.

मग काहीच सांगू नये का? समजा, प्रतिस्पर्ध्याने अनुभवाचा दाखला खोटा जोडला आहे. समजा, औषधांच्या नोंदीत हात मारला आहे. तिथे गप्प बसणे म्हणजे रुग्णाशी किंवा प्रवाशाशी बेइमानी. अशा वेळी स्वतःला विचारण्याजोगे एवढेच असते की ही गोष्ट आपल्याला यादी लागण्यापूर्वीही खटकत होती का. तेव्हा कळूनही आपण मूग गिळून बसलो असू आणि अर्जाची मुदत संपल्यावरच विवेक जागा झाला असेल, तर तक्रार खरी असूनही तिच्यातला आपला हात स्वच्छ राहत नाही. तक्रार करावी लागलीच, तर सही करून करावी आणि आपणही उमेदवार आहोत हे तिच्यात लिहावे. ऐकणाऱ्याला मग वजन ठरवता येते.

मदतीचा हिशेब लोक फार गुंतागुंतीचा करतात. परिपत्रक आले आहे, शेवटची तारीख अमुक आहे, अर्ज साहेबांच्या सहीने जायचा आहे : एवढे सहकाऱ्याला सांगायलाच हवे. परिपत्रक कोणाच्या बापजाद्यांची इस्टेट नसते. ते टेबलाच्या खणात दाबून जिंकलेली जागा चोरलेलीच म्हणायची. रात्री जागून काढलेल्या टिपणांची गोष्ट वेगळी. ती दिली तर मोठेपणा, न दिली तर अपराध नव्हे. न देणाऱ्याने ‘माझा काही अभ्यास झालाच नाही रे’ असे रडगाणे तेवढे गाऊ नये.

हरलेल्याच्या वाट्याला काय येते, हे आपल्याकडच्या एका जोडीत स्पष्ट दिसते. 1982 मध्ये विंग कमांडर रवीश मल्होत्रा आणि स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा अंतराळ प्रशिक्षणासाठी मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत दाखल झाले. दोघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक, दोघांनी 1971 चे युद्ध पाहिलेले. मल्होत्रा वयानेही मोठे आणि हुद्द्यानेही वरचे. रशियन शिकण्यापासून सगळे प्रशिक्षण दोघांनी घेतले. 3 एप्रिल 1984 रोजी सोयूझ टी-11 मधून शर्मा गेले, मल्होत्रा राखीव चमूत राहिले. राखीव म्हणजे शोभेचा माणूस नव्हे. त्याच मोहिमेचा आधी ठरलेला सोव्हिएत कमांडर निकोलाय रुकाविश्निकोव्ह आजारी पडला आणि त्याच्या जागी युरी मालिशेव्ह आला. म्हणजे शेवटपर्यंत तयार राहायचे, आणि आपली पाळी यायची ती शेजाऱ्याच्या दुखण्यामुळे. त्या दुखण्याची वाट न पाहता तयारी करणे किती जणांना जमेल? शर्मांना अशोकचक्र मिळाले, मल्होत्रांना कीर्तिचक्र. मल्होत्रा अंतराळात कधीच गेले नाहीत. त्यानंतर ते हवाई दलात एअर कमोडोर झाले.

2024 च्या ऑगस्टमध्ये इस्रोने ॲक्सिऑम-4 या अंतराळ मोहिमेसाठी शुभांशु शुक्ला यांचे नाव मुख्य म्हणून आणि प्रशांत बालकृष्णन नायर यांचे राखीव म्हणून जाहीर केले, तेव्हाही वयाने मोठे असलेले नायर मागे राहिले. मे 2025 मध्ये ठरलेले उड्डाण पुन्हा पुन्हा लांबत 25 जूनला झाले, म्हणजे राखीवाचे तयार राहणेही तितकेच लांबले.

ग्लेन यांचे पुढे काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. 20 फेब्रुवारी 1962 रोजी त्यांनी पृथ्वीला तीन फेऱ्या मारल्या आणि शेपर्डपेक्षा जास्त कीर्ती मिळवली. या योगायोगावरून ‘धीर धरणाऱ्याला मोठे फळ मिळते’ असे सांगणाऱ्यांनी मल्होत्रांकडे पाहावे. ग्लेन यांची पारख शेपर्डच्या उड्डाणाआधीच्या महिन्यांत करायला हवी. पहिला कोण हे बाहेर कळू द्यायचे नव्हते आणि बरेच वार्ताहर ग्लेनच जाणार असे धरून चालले होते. ग्लेन यांनी तो समज मोडला नाही आणि शेपर्डच्या बरोबरीने सराव केला. 5 मे 1961 च्या पहाटे शेपर्ड यानात शिरला, तर समोर पाटी : इथे हँडबॉल खेळण्यास मनाई आहे. ती लावून ठेवणारे ग्लेनच होते.

निवड यादी लागल्यावर कार्यालयात पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी एक अडचण समोर येते. निवडलेला माणूस काही महिने प्रशिक्षणाला जातो आणि त्याचे टेबल बरेचदा न निवडलेल्याकडेच येते. प्रलंबित फायली, अर्धवट पत्रव्यवहार, दोन आठवड्यांनी येणारा लेखापरीक्षक, सगळे त्याच्याच गळ्यात. जाणाऱ्याने कोणती फाइल कुठे अडली आहे हे नीट लिहून दिले, तर एका दुपारचे काम. बहुतेक जण ते करत नाहीत. त्यांच्या डोक्यात तेव्हा रेल्वेचे आरक्षण असते.