पाचवा रकाना

दैव पाचवं आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं, नाना प्रकारच्या चेष्टा आणि मग दैव. सहकारी बँकेच्या कर्जविभागात उमेदीची वर्षं गेल्यामुळे असेल, पण मला या यादीचा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. वरचे चार रकाने कोरे सोडून पाचव्याच्या भरवशावर मंजुरी मागणारे अर्जदार मी पुष्कळ पाहिलेत.

आता ते घरातच भेटतायत. सप्टेंबरच्या उत्तरार्धात आम्ही नाशिकहून पाच गाड्या घेऊन स्पितीला निघणार आहोत. थार, जिम्नी आणि एक म्हातारी जिप्सी. बेत आखायचं काम माझ्याकडे. मी कागद काढला की गटातला सगळ्यात मुरलेला ड्रायव्हर, म्हणजे माझा चुलत दीर, म्हणतो, "वहिनी, किती लिहिता? वर तो बसलाय ना!" बाकीचे माना डोलावतात. ऐकायला हे श्रद्धेचं वाटतं. मला तो शुद्ध आळस वाटतो, आणि वर देवाच्या नावावर खपवलेला.

पहिला वाद वाटेवरूनच झाला. मनालीहून अटल बोगद्यातून कोकसर, ग्राम्फू, बाताल, कुंझुम असं थेट काझाला गेलं तर दिवस वाचतात. पण मनाली दोन हजार मीटरच्या आसपास, काझा अडतीसशेच्या जवळ आणि मधली कुंझुम खिंड साडेचार हजारांच्या वर. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्केसुद्धा नसतो. त्याऐवजी शिमल्याकडून किन्नौरमार्गे गेलं, कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम केले, तर उंची हळूहळू अंगवळणी पडते. अधिष्ठान म्हणजे शरीर, असं शंकराचार्यांनी भाष्यात म्हटलंय. यादीत पहिला मान फुप्फुसांचा आहे. जाताना किन्नौरची वाट ठरली. दिराला ती भित्र्यांची वाट वाटते, वाटू दे.

करणांबद्दल बोलायला नको. दोर, शॅकल, कॉम्प्रेसर, डिझेल-पेट्रोलचे कॅन हा रकाना पुरुषमंडळी न सांगता भरतात, जरा जास्तच भरतात. चेष्टा म्हणजे सराव. फोर-लोमध्ये, एकाच गतीनं, मध्येच क्लच न दाबता पाण्यातून गाडी काढायची. तो पावसाळ्यात इगतपुरीकडच्या कच्च्या वाटांवर चाललाय.

खरा प्रश्न कर्त्याचा. पाच गाड्यांच्या रांगेत कर्ता कोण? सगळ्यात पुढची लीड गाडी, असं दिराचं मत, कारण ती त्याची आहे. पण डोंगरातल्या ताफ्याचा जुना नियम वेगळंच सांगतो: आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी आपली. आरशात ती दिसेनाशी झाली की थांबायचं. चौथी गाडी थांबते, ती दिसत नाही म्हणून तिसरी, मग दुसरी, आणि कुणी हुकूम न सोडता सगळी रांग उभी राहते. गीता त्याच ठिकाणी पुढे म्हणते की जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला दिसतच नाही. हा उपदेश अहंकाराबद्दल आहे अशी माझी समजूत होती. ताफ्यात तो निव्वळ आरशाचा नियम आहे.

म्हणून परत फिरायच्या बाबतीत मी मतदान ठेवलेलं नाही. पाचांपैकी कुठल्याही गाडीतल्या कुणीही, अगदी मागच्या सीटवरच्या भाचीनंसुद्धा, "डोकं ठणकतंय, मळमळतंय" म्हटलं की सगळे खाली उतरणार. एकाची डोकेदुखी बहुमतानं नामंजूर करता येत नाही.

मग शरणागती कुठं राहिली, असं कुणी विचारेल. वारीकडे पाहा. विठ्ठलावर इतका भार टाकणारी माणसं दुसरीकडे सापडायची नाहीत. पण कुठल्या दिंडीनं रथाच्या पुढे किंवा मागे कितव्या नंबरावर चालायचं, हे कुणी विठ्ठलावर सोडलेलं नाही. आळंदीच्या पालखीला ही शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी लावली. संध्याकाळच्या समाजआरतीत चोपदारानं चोप उंचावला की टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते आणि चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतो. लाखोंच्या समर्पणाला तक्रारनिवारणाची सोय आहे, आणि आमच्या पाच गाड्यांना मात्र म्हणे "तो बघून घेईल."

दैव मी नाकारत नाही, त्याची हद्द फक्त आखते. बाताल ते ग्राम्फूच्या रस्त्यावर नाले आडवे येतात. ऊन चढेल तसा वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर पाणी वाढतं. तिथं चार वाजता पोचून गाडी अडकली तर ते दैव नव्हे, उशिरा उठणं आहे. म्हणून परतीला लोसरला मुक्काम आणि पहाटे कुंझुम. सकाळी आठ वाजता दरड कोसळली तर ते मात्र दैव. कुंझुमवर देवीचं देऊळ आहे. येणारे-जाणारे ड्रायव्हर गाडीसकट त्याला प्रदक्षिणा घालतात. आम्हीही घालू, आणि मी ती मनापासून घालीन. चार रकाने भरले म्हणजे काम फत्ते, असं मानणारी यादीवाली बाईही दिराइतकीच चुकते.

तुम्ही असा बेत आखत असाल तर कुठून आणि किती वाजता परत फिरायचं ते घरी असतानाच लिहून काढा, आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाची त्यावर सही घ्या.